बाहेरून कडी

कोर्टाकडून अधिकारीबाई दुपारी येणार होत्या, पण आईनं सकाळपासूनच घराला वेठीला धरलं होतं. धाकट्या मुलाच्या, भिंगरीच्या, खोलीतली गादी गच्चीवर उन्हात पडली होती. पलंगाखालच्या बाटल्या केव्हाच गेल्या होत्या, तरी तिनं पुन्हा एकदा वाकून पाहिलं. मग कुठून तरी जुनी पुस्तकं काढून आणली आणि टेबलावर नीट रचली. भिंगरीनं जन्मात त्यातलं एकही उघडलं नव्हतं.

"ही कशाला?" सुनेनं दारातून विचारलं.

"असू देत. बाईंना बरं वाटेल."

एरवी दोघी यावर पोट धरून हसल्या असत्या. सून नुसतीच उभी राहिली.

खटला संपलाच होता. भिंगरीनं पहिल्याच तारखेला कबूल केलं होतं, हो, मीच ढकललं दादाला. तो अजून कोठडीतच होता, आणि उरली होती ती शिक्षा. न्यायाधीश म्हणाले होते, पहिलाच गुन्हा आहे, हातात कसब आहे, घर आहे. तेव्हा आत पाठवायचं की देखरेखीखाली बाहेर ठेवायचं, हे घर बघून ठरवू. घरचे त्याला घ्यायला तयार असले, राहायला जागा आणि हाताला काम असलं, तर दोन वर्षं देखरेखीवर. नाहीतर तेवढीच दोन वर्षं तुरुंगात.

"तू जास्त काही बोलू नकोस," आई चादरीची सुरकुती ताणत म्हणाली. "आमची काही हरकत नाही, एवढंच म्हण."

"आणि भीती वाटते का, असं विचारलं तर?"

"भिंगरीची? अगं, लग्न होऊन आलीस तेव्हा तो तुझ्या हातचं जेवल्याशिवाय शाळेत जात नव्हता."

"त्याची नाही हो आई."

आईचा हात चादरीवर थांबला. मग ती उशीला अभ्रा घालू लागली, जणू काही ऐकलंच नव्हतं. पण जाताना तिनं खोलीचं दार पूर्ण उघडून बाहेरच्या भिंतीला टेकवलं आणि ते मिटू नये म्हणून खाली स्टूल लावलं.

दाराची बाहेरची बाजू भिंतीकडे गेली. त्या बाजूला नवीकोरी कडी होती. जाड लोखंडी, गोदामाला लावतात तसली. तिचे दोन स्क्रू तिरके बसले होते. सवय नसलेल्या डाव्या हाताचं काम होतं ते. सुनेला ते पाहताक्षणी कळलं होतं. आणि आज तिला हेही कळलं, की सासूनंही ती कडी पाहिली आहे.

ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं आत्याला फोन लावला.

*

आत्या म्हणजे भिंगरीच्या वडिलांची, कैलासवासी आप्पांची, थोरली बहीण. सगळी नोकरी इस्पितळात परिचारिका म्हणून केली, लग्न केलं नाही, दोन खोल्यांत एकटी राहायची. आप्पा गेले त्या दिवशी भरल्या घरात ती म्हणाली होती, "ह्याला दारूनं नाही, ह्या घरानं मारलं." त्यानंतर तिला कोणी बोलावलं नाही आणि तीही आली नाही.

आज ती जिना चढून आली तेव्हा आई पाणी भरत होती.

"वन्सं, तुम्ही?"

"सूनबाईनं बोलावलं."

आईनं सुनेकडे पाहिलं. त्या एका नजरेत घरातली जुनी युती मोडली. इतकी वर्षं थोरल्याच्या तापटपणापुढे, आप्पांच्या पिण्यापुढे या दोघी एकमेकींना धरून होत्या. आता आई म्हणाली, "बसा. चहा ठेवते," आणि चहा ठेवायला सुनेला जाऊ दिलं नाही. स्वतः गेली.

अधिकारीबाई वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, बसक्या बांध्याच्या, एका चपलेचा पट्टा खिळा मारून दुरुस्त केलेला. आईनं गादीची खुर्ची पुढे केली. त्या लाकडी बाकावर बसल्या.

"मॅडम, पोरगं मनाचं वाईट नाही," आईनं सुरुवात केली. "दोघांत लहानपणापासून जीव. त्या दिवशी थोरल्यानंच आधी हात उचलला. चारचौघांत थोबाडीत दिली. आता घरात असं होणारच नाही. मी आहे ना."

"तुम्ही त्या दिवशी कुठे होता?"

"वर. घरात."

"मग तेव्हाही तुम्ही होताच," अधिकारीबाई म्हणाल्या. आवाजात कडवटपणा नव्हता, पण आईनं त्यानंतर चहाचा आग्रह केला नाही.

*

कारखाना घराखालीच होता. खिडक्यांची तावदानं, आरसे, दुकानांच्या काचा. भिंतीला टेकून काचेचे मोठे तक्ते उभे, एकामागे एक. थोरला टेबलापाशी डाव्या हातात कटर घेऊन उभा होता. त्यानं रेघ ओढली, काच टेबलाच्या कडेवर आणून दाबली. ती रेघेवर न तुटता भलतीकडेच गेली. त्यानं तुकडा पेटीत टाकला. पेटी अशा तुकड्यांनी भरली होती.

उजवा हात त्यानं पोटाशी धरला होता. मनगटाच्या आतल्या स्नायूंच्या दोऱ्या कापल्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी जोडल्या, पण बोटं मिटत नव्हती. सकाळी शर्टाची बटणं बायको लावायची. त्या वेळी तो छताकडे बघायचा.

"तो घरी आलेला तुम्हाला चालेल?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"चालेल."

"इतक्या लगेच सांगताय?"

"विचार करून झालाय. एवढे महिने दुसरं काय करतोय मी?"

"राग नाही?"

"नाही."

राग आहे म्हणणारी माणसं अधिकारीबाईंना परवडत. त्यांच्याशी बोलता येई.

"त्या दिवशी नेमकं काय झालं?"

"आईनं सांगितलं असेल. पिऊन आला. गिऱ्हाईक बसलं होतं त्याला काहीतरी बोलला. मी थोबाडीत दिली. त्यानं ढकललं. मागे तक्ते होते."

"मग?"

"मग काय? त्यानंच शर्ट काढून हाताला गुंडाळला. रिक्षात माझा हात वर धरून बसला होता. रडत होता. इस्पितळापर्यंत खाली सोडला नाही." थोरला हे अशा स्वरात बोलला, जणू भिंगरीनं त्याचा अपमान केला होता. ढकलून पळाला असता तर सोपं गेलं असतं. पळून गेलेल्या माणसाला सोडून देता येतं.

"इथे आल्यावर तो काय काम करेल?"

"माझं." त्यानं न मिटणारा हात थोडा उचलला. "हा हात होईल तो माझा. मी सांगेन तिथं कापायचं, सांगेन तेव्हा जेवायचं, सांगेन तेव्हा झोपायचं. घराबाहेर पाऊल नाही. तुम्ही आठवड्यातून एकदा बघणार ना त्याला? मी रोज बघेन. दिवसभर."

"आणि दोन वर्षांनी?"

"म्हणजे?"

"देखरेख संपली की."

थोरल्यानं मनातल्या मनात भिंगरीला इथे हजारदा उभं केलं होतं. या टेबलापाशी, मान खाली घालून. त्या चित्रात भिंगरी म्हाताराही होत होता. पण सुटत कधीच नव्हता.

"तेव्हाचं तेव्हा बघू," तो म्हणाला आणि नवी काच घेतली.

*

अधिकारीबाई जिना चढून वर आल्या तेव्हा सून भिंगरीच्या खोलीपाशी उभी होती. कोर्टानं घर बघायला सांगितल्यापासून तिनं मनाशी खूप घोळवलं होतं, काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची. प्रत्यक्षात ती एक शब्दही बोलली नाही. तिनं पायानं स्टूल सरकवलं आणि दार ओढून घेतलं.

अधिकारीबाईंनी कडीवरून बोट फिरवलं.

"कधी बसवली?"

"तुम्ही येणार हे कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"दिराला घाबरता?"

"तो प्यायला की वस्तू फोडतो, मग रडतो. लोळतो. त्याचा वैताग येतो मला, भीती नाही वाटत." सुनेनं आवाज खाली आणला. "मी ह्यांना घाबरते. पूर्वी कधी घाबरले नव्हते."

"मारतात?"

"अंगाला हात लावत नाहीत. शांत असतात. परवा जेवताजेवता मला विचारलं, माणूस एका खोलीत किती काळ राहिला की त्याचं डोकं फिरतं गं? असं विचारलं, जसं मीठ मागावं."

"झालं समाधान?"

आई मागे उभी होती. हातात चहाचे रिकामे कप होते.

"मॅडम, ती कडी मी पाहिली होती. दार असं मीच ठेवलं. हो, मीच. तुरुंगातली कडी कोण लावतं, कोण काढतं, मला काय माहीत? ही माझ्या मुलानं लावली असती आणि मी काढली असती. मी होते ना इथं! आई आहे मी त्याची!" ती सुनेकडे वळली. "तुझं काय जात होतं गं? एक शब्द बोलायचा होता तुला. हरकत नाही, एवढा."

"आई, तो ह्या खोलीतून बाहेर आला असता तर कसा आला असता, याचा विचार केलात?"

"जिवंत आला असता!"

"आप्पा आला होता तसाच ना?" बाहेरच्या खोलीतून आत्या म्हणाली.

आत्या उठून दारापर्यंत आली. आवाज ऐकून थोरलाही जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभा होता. आईनं त्याला पाहिलं आणि ती एकदम घाईनं म्हणाली, "वन्सं, ते आत्ता नको."

"आत्ता नाही तर कधी, वहिनी? मॅडम, आमच्या वडिलांचा हा कारखाना. आमचा भाऊ प्यायचा. तर वडील त्याला कारखान्याच्या जमिनीखालच्या कोठीत कोंडायचे, दारू सुटावी म्हणून. दोन-दोन आठवडे. लग्न झालं, पोरं झाली, तरी. ह्या त्याला ताट सरकवायच्या आणि कडी लावायच्या."

"सासऱ्यांपुढे बोलायची सोय होती का मला?" आई ओरडली.

"नव्हती. मलाही नव्हती. तेव्हा मीही इथंच होते, ऐकत घरात बसून राहायचे. म्हणून सांगते, माझ्याइतकं कोणाला माहीत नाही."

"आप्पा बाहेरगावी जायचे," थोरला म्हणाला. "काचा बसवायला. मोठी कामं असायची बाहेरगावी."

तो आईकडे वळला.

"आई? बाहेरगावी जायचे ना?"

आईनं कप खाली ठेवले आणि ती भिंतीला धरून बसली.

"खाली होता," आत्या म्हणाली.

थोरला जिन्यावरच उभा राहिला. त्याला कारखान्याची जमीन आठवली. लहानपणी तिथं तो उड्या मारत असे, कारण खालून कधीकधी ठकठक उत्तर यायचं. त्याला ती गंमत वाटायची. तो पाय आपटायचा आणि वाट बघायचा. आजोबा म्हणायचे, उंदीर आहेत रे, मोठे झालेत. मग तो आणखी जोरात पाय आपटायचा, उंदरांना घाबरवायला.

तो मागे वळला आणि काही न बोलता खाली गेला.

*

संध्याकाळ होण्याआधी अधिकारीबाईंनी सगळ्यांना समोर बसवलं. थोरल्याला सुनेनं वर आणलं. तो आला, पण बसला नाही.

"ह्या घराचा पत्ता मी कोर्टाला देऊ शकत नाही," अधिकारीबाई म्हणाल्या. "बाहेर ठेवायचं ते माणूस पुन्हा उभा राहावा म्हणून. इथे तो उभा राहणार नाही. दुसरी जागा नसेल, तर मला तसं लिहावं लागेल."

"म्हणजे तुरुंग," आई म्हणाली.

"माझ्याकडे येऊ दे," आत्या म्हणाली. "दोन खोल्या आहेत. एक त्याची."

"तुमच्याकडे? ज्या बाईनं भरल्या घरात..." आई पुढे बोलू शकली नाही. तिला कळत होतं, की ती आता नाही म्हणाली तर मुलगा आत जाईल आणि हो म्हणाली तर तो कायमचा तिच्या हातून जाईल. त्याला डोळ्यांपुढे ठेवण्यासाठी ती कडीसुद्धा गिळायला तयार झाली होती.

"वा," थोरला म्हणाला. "म्हणजे तो आत्याकडे मजेत राहणार. आणि मी हा हात घेऊन इथं."

"मजेत नाही," अधिकारीबाई म्हणाल्या. "दर आठवड्याला माझ्यासमोर हजेरी. व्यसन सुटायच्या उपचारांना जायचं, ते चुकवायचं नाही. काम मी बघून देईन तिथं. गाव सोडायचं नाही. एक अट मोडली, की कोर्ट त्याला आत पाठवू शकतं. आणि तुम्ही जखमी झाला आहात. तुम्हाला हे मान्य नसेल तर कोर्टात सांगा. तुमचं ऐकून घेतलं जाईल."

"सांगणारच आहे. आत टाका म्हणणार आहे."

"सांग बाबा," आत्या म्हणाली. "तुझा हक्क आहे तो. तुझा हात गेलाय, माझा नाही. फक्त तुझ्या मनात काय आहे ते सांग. राग नाही, असं मात्र सांगू नकोस."

थोरला तिच्याकडे पाहत राहिला.

त्यानंतरचे दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. आई सुनेच्या हातचं पाणीही घेईना. सून स्वयंपाक करून ठेवी, आई स्वतःसाठी वेगळा तवा चढवी. थोरला कारखान्यात जाई, पण काच कापल्याचा आवाज येत नसे. सून एकदा खाली डोकावली तेव्हा तो कोठीच्या झाकणावरच्या जुन्या पेट्या हलवून त्या जागेकडे बघत बसला होता. ती तशीच वर आली.

*

कोर्टात भिंगरी कठड्याला धरून उभा होता. गालफडं बसली होती, केस बारीक कापलेले. सतत हलत राहणारा म्हणून लहानपणी आप्पांनी त्याला भिंगरी हे नाव ठेवलं होतं. आता तो अजिबात हलत नव्हता.

अधिकारीबाईंचा अहवाल वाचून झाला. न्यायाधीशांनी थोरल्याला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

सून बाकावर त्याच्या शेजारी होती. तिनं डोळे मिटले. आईनं ओठांत काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली.

थोरला उठला.

"साहेब, मी त्याला माफ केलेलं नाही. करीन असं वाटतही नाही. आत टाका, असंच म्हणायला आलो होतो." तो थांबला. "पण मला तो आत नको होता. मला तो माझ्या घरात हवा होता. माझ्या हाताखाली. मी खोलीला कडी बसवली होती बाहेरून. घरच्यांनी ती बघितली नसती तर मी... तो माझ्याकडे आला तर माझ्या हातून काय होईल, ते मला माहीत नाही साहेब. नाही, माहीत आहे. म्हणून त्याला माझ्याकडे पाठवू नका. आत्याकडे पाठवा, कुठंही पाठवा. माझ्यासमोर नको."

"दादा," भिंगरी म्हणाला.

थोरल्यानं तिकडे पाहिलं नाही. तो बसला. सुनेनं त्याच्यासाठी जागा केली होती, त्याहून तो जरा लांबच बसला.

निकाल थोडक्यात झाला. दोन वर्षं देखरेख. राहणं आत्याकडे. उपचार, काम, हजेरी. आणि थोरला स्वतः बोलावत नाही तोवर भावाच्या घरात किंवा कारखान्यात पाऊल टाकायचं नाही. भिंगरीनं प्रत्येक अटीला मान हलवली. शेवटच्या अटीला त्याची मान हलली नाही, नुसती खाली गेली.

कागदपत्रांना वेळ लागणार होता. सून चौकशी करायला आत थांबली. आई बाहेर आली आणि आवारातल्या दगडी बाकावर बसली. थोड्या वेळानं थोरलाही येऊन बसला. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा होती.

"तू तिथं जे बोललास," आई म्हणाली, "ते त्याला सोडवायला बोललास ना? तू खरंच काही केलं नसतंस."

"मारलं असतं."

"असं बोलू नकोस रे."

"एकदम नाही, आई. रोज थोडं थोडं."

आईनं मान फिरवली.

"तुला दिसलं असतं," तो म्हणाला. "तू ताट सरकवलं असतंस."

आत्या आणि भिंगरी फाटकातून बाहेर पडताना दिसले. भिंगरीच्या हातात कापडी पिशवी होती. फाटकाबाहेर तो थांबला, आवाराकडे वळला आणि बाकाकडे पाहत उभा राहिला. आई अर्धवट उठली. थोरला उठला नाही, त्यानं तिला अडवलंही नाही. बस आली. आत्यानं भिंगरीच्या कोपराला धरलं, त्याला पुढे चढवलं आणि मग स्वतः चढली.

बस निघून गेल्यावरही आई तशीच, ना बसलेली ना उभी, बाकाच्या काठाला धरून राहिली.